सासूबाईंचे एकेचाळीस

कात्री शोधायला म्हणून सासूबाईंनी सुनेच्या टेबलाचा खण उघडला, आणि कात्री सापडल्यावरही तो बंद केला नाही. कात्रीखाली एक निळी वही होती. दुसऱ्याची वही वाचायची त्यांची मुळीच इच्छा नव्हती. ती आपणहून उघडली, असं त्यांनी पुढे सगळ्यांना सांगितलं.

सासूबाईंचं शिक्षण तिसरीपर्यंत. वाचताना त्यांचे ओठ हलत आणि बोट ओळीखालून सरकत असे. बोट सरकत सरकत पहिल्या ओळीच्या टोकाला पोचलं आणि तिथेच थांबलं.

"वर्तन : टोमणा मारणे."

खाली व्याख्या होती. "कोणाचेही नाव न घेता, पण खोलीतल्या एकाच माणसाला नेमके लागेल असे बोललेले वाक्य. नुसता उसासा धरू नये. उसाशाबरोबर भांडे आपटले तर धरावा."

आणि त्याखाली काड्या. चार उभ्या, पाचवी आडवी, अशा जुड्यांच्या जुड्या. शुक्रवार चौतीस. शनिवार एकेचाळीस. माणसाचं नाव लिहायच्या जागी फक्त "घरातील सदस्य" एवढंच.

आता घरात सदस्य चार. मुलगा महिनाभर कामासाठी बाहेरगावी. नवरा बोलायचाच मुळी मोजून. सून मोजणारी. उरलं कोण, हे कळायला चौथी यत्ता लागत नाही.

सासूबाईंच्या नाकाचा शेंडा लाल झाला. पण राग पूर्ण चढायच्या आतच एक शंका मध्ये आली. शनिवारी दुपारपर्यंत त्या बहिणीकडे होत्या. म्हणजे एकेचाळीस ते अर्ध्या दिवसाचे?

त्या तडक बाहेरच्या खोलीत गेल्या. नवरा वर्तमानपत्रामागे होता.

"अहो, मी टोमणे मारते?"

वर्तमानपत्र हललं नाही. "कोण म्हणतं?"

"वहीत लिहिलंय. शनिवारचे एकेचाळीस."

"एवढेच?"

सासूबाई आल्या पावली परत फिरल्या. वही खणात होती तशी ठेवली, वर कात्री ठेवली, आणि मग ती कात्रीच हवी होती हे आठवून पुन्हा काढून घेतली.

सून बिहेवियर टेक्निशियनचं ट्रेनिंग घेत होती. हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा सासूबाईंनी तिला घरातला बिघडलेला फ्रिज दाखवला होता. मग सुनेनं समजावून सांगितलं, की ऑटिझम असलेल्या मुलांचं एक सेंटर आहे. तिथं मुलांना बोलायला, मागायला, स्वतःचं स्वतः करायला शिकवतात. मुलाशेजारी बसून रोज शिकवायचं आणि काय घडलं ते मोजून लिहायचं, हे तिचं काम. पहिल्याच दिवशी तिथं तिला एक सात वर्षांची मुलगी भेटली. बाटल्यांची झाकणं रंगवार रांगेत लावत बसलेली. मुलीनं तिच्याकडे पाहिलं नाही, पण दहा मिनिटं शेजारी बसू दिलं. घरी येऊन सून जेवताना त्या दहा मिनिटांबद्दल तासभर बोलत होती.

सासूबाईंना तेव्हा वाटलं, पोरीचं आता मार्गी लागलं. पण ट्रेनिंग सगळं कॉम्प्युटरवर. चाळीस तास व्हिडिओ बघायचे, खालच्या प्रश्नांवर टिचक्या मारायच्या. सुनेला नव्वद टक्के मिळाले. मग प्रत्यक्ष परीक्षेत त्याच झाकणवालीसमोर बसवलं तेव्हा मुलगी टेबलाखाली गेली आणि ही घाबरून तिच्यामागे अर्धी टेबलाखाली गेली. नापास. शेरा काय, तर "सूचना परिणामकारक नाहीत." एवढ्यावर माणसानं काय सुधारायचं? येत्या शुक्रवारी दुसरी परीक्षा होती आणि तीच शेवटची. नाही जमलं तर तिची जागा यादीतल्या पुढच्या बाईला. त्याआधी घरातल्या कुणाचं तरी एक वर्तन मोजून, ते कमी करून, आलेख काढून द्यायचा होता. त्यासाठीच ही वही.

रागवायचं की नाही हे सासूबाईंनी पुढे ढकललं. त्यांना वेगळंच कुतूहल लागलं. उद्या एकही टोमणा मारला नाही, तर ही बया वहीत लिहील तरी काय?

सोमवारी सकाळी सुनेनं चहा आणला. पातळ. सासूबाईंच्या जिभेच्या टोकावर वाक्य येऊन उभं राहिलं. त्यांनी ते चहाबरोबर गिळलं. वाक्य गरम होतं, घशात लागलं.

"जरा साखर दे," त्या म्हणाल्या.

"वा आई! किती छान मागितलीत साखर!"

सासूबाईंनी मागे वळून पाहिलं, कुणाला म्हणाली म्हणून. या घरात त्यांना साखर मागितल्याबद्दल चाळीस वर्षांत कुणी शाबासकी दिली नव्हती. त्यांनी साखर घातली, ढवळली, आणि थोड्या वेळानं, काही गरज नसताना, पुन्हा साखर मागितली.

सोमवारी तरीही नऊ सुटले. जुनी सवय, पायऱ्या उतरताना गुडघा वाजतो तसे ते आपोआप वाजत. मंगळवारी मात्र सासूबाईंनी कंबर कसली. फारच असह्य झालं की बाल्कनीत जायचं आणि कुंडीतल्या रोपाला सुनावायचं. रोप बिचारं मंगळवारी संध्याकाळपर्यंत मान टाकून बसलं.

पण गप्प बसलं की माणसाला दुसऱ्याचं ऐकू येतं. सुनेचं बोलणं सासूबाईंनी दोन वर्षांत पहिल्यांदाच नीट ऐकलं. "आई, जेवायला या. या ना आई. वाढलंय. येताय ना? सॉरी, गार होईल म्हणून म्हटलं." एका जेवणाची पाच आमंत्रणं. तीही एका दमात. सासूबाईंनी शिवणाच्या डब्यातून मूठभर बटणं घेतली आणि गाऊनच्या डाव्या खिशात टाकली. सून एकच गोष्ट पुन्हा म्हणाली की एक बटण डावीकडून उजवीकडे. ती मोजते, मग आपण का नाही? संध्याकाळी उजवा खिसा लोंबायला लागला.

बुधवारी सून सेंटरमध्ये आलेख देऊन आली ती पांढरीफटक. उंबऱ्यातच उभी राहिली.

"आई, उद्या आमच्या मॅडम घरी येणार आहेत. येणार आहेत घरी. संध्याकाळी. म्हणजे उद्याच."

दोन बटणं. "कशाला?"

"मूल बघायला."

सासूबाईंनी हातातली भाजी खाली ठेवली. "आपल्या घरात मूल आहे आणि मला पत्ता नाही?"

"तसं नाही! म्हणजे... मी दिलेल्या आलेखावर नुसतं 'घरातील सदस्य' होतं, मॅडमना वाटलं मूलच असणार. एकेचाळीसवरून तीन दिवसांत शून्य. मॅडम म्हणाल्या, चौदा वर्षांत मी असं बघितलं नाही, मला ते मूल बघायचंय. दोन नव्या मुलींनाही दाखवते म्हणाल्या. मी सांगणारच होते, पण त्या इतक्या खूश होत्या..."

"मग मूल आहे तरी कोण?"

सून रडायच्या बेतात आली. "तुम्ही आहात, आई."

सासूबाईंनी खिशात हात घातला आणि सगळी बटणं टेबलावर ओतली. खळ्ळ आवाज झाला. वर्तमानपत्र किंचित खाली आलं.

"रविवारपासून माहितेय मला," त्या म्हणाल्या. "शून्य काही तू नाही आणलंस, मी आणलंय. आणि ही बघ तुझी. एकच गोष्ट पुन्हा म्हणणं, कालच्या एका दिवसात बावन्न. सॉरी वेगळे. ते मोजायला घरात बटणं नाहीत."

सून बटणांकडे बघतच राहिली. "आई," ती हळूच म्हणाली, "मी नापास झाले ना, ते ह्यानंच."

"मग त्यांनी तसं लिहायला काय झालं होतं? बस इथं. मी मूल होते. मला काहीतरी कर म्हण."

सुनेनं चमचे आणि डबा आणला. "चमचे डब्यात ठेवा. डब्यात, आई. ठेवा ना. असे. ठेवताय ना?"

सासूबाई दगडासारख्या बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "पहिल्यांदा म्हणालीस ना, तेव्हा मी हात उचलणारच होते. तेवढ्यात दुसऱ्यांदा म्हणालीस. म्हटलं, हिचं काय ते ठरू दे, मग बघू."

सुनेचे डोळे मोठे झाले. "हे मला कुणीच सांगितलं नव्हतं."

"कोण सांगणार? ती झाकणवाली थोडीच येऊन म्हणणार आहे, की बाई, माझं डोकं उठलं. ती टेबलाखाली गेली. तेच तिचं सांगणं. पुन्हा."

पुन्हा झालं. मग पुन्हा. सून एकदा म्हणायची आणि ओठ मिटून आकडे मोजत थांबायची. चमचा डब्यात पडला की बक्षीस म्हणून रंगीत चकती द्यायची. सासूबाईंनी चकती परत केली. "हे मला कशाला? चावायचंय? मला खिडकीत बसायचंय पाच मिनिटं. मुलाला आधी विचारावं, त्याला हवंय काय." सुनेनं ते लिहून घेतलं. सासूबाई आपल्या कमाईची पाच मिनिटं खिडकीत बसल्या आणि त्यांना ती इतकी आवडली, की सात वाजता नवरा जेवणाचं विचारायला आला तेव्हा त्या जागच्या हलल्या नाहीत.

"मी मूल आहे," त्या म्हणाल्या. "मुलाला स्वयंपाक विचारतात का?"

त्या रात्री पाव आणि दुधावर भागलं.

गुरुवारी मॅडम आल्या. उंच, काटक, गळ्यात ओळखपत्राची लांब दोरी, मागे वह्या घेतलेल्या दोन मुली. खोलीत नजर फिरवून त्या म्हणाल्या, "नमस्कार आजी. मूल कुठाय?"

"आजी कुणाची? घरात नातवंड नाही अजून," सासूबाई म्हणाल्या. "मूल मीच."

सुनेनं घडाघडा सगळं सांगून टाकलं. मॅडमचा चेहरा उतरत गेला. "म्हणजे त्यांना न विचारता मोजलंस. शिवाय त्यांना माहीत होतं. मग हा आलेख बाद." त्यांनी तो मधोमध दुमडला. "आणि आलेख नसेल तर उद्या परीक्षेला बसता येत नाही. नियम आहे. मला वाईट वाटतं."

सून सॉरीसुद्धा म्हणाली नाही. सासूबाईंना ते बघवेना.

"दुसरा काढला तर?" त्यांनी विचारलं. "आत्ता, तुमच्यासमोर. मला विचारून."

मॅडमनी घड्याळ पाहिलं. "कमी करून दाखवायला वेळ नाही. पण नीट मोजता येतं एवढं तरी दाखवलं तर मी बसू देईन. वीस मिनिटं. आम्ही चौघी एकाच वेळी मोजू, आपापल्या वहीत. आकडे जुळले तरच व्याख्या चांगली, नाहीतर नाही."

सून सासूबाईंसमोर येऊन उभी राहिली. "आई, मी तुमचे टोमणे मोजू का?" एकदाच म्हणाली. आणि थांबली.

"मोज," सासूबाई म्हणाल्या.

तीन दिवसांचं साठलेलं होतं. धरणाचे दरवाजे उघडावेत तशा त्या सुटल्या. पातळ चहापासून सुरुवात झाली. मग ओलं फडकं कोपऱ्यात टाकणारी माणसं, लोकांकडे दिवसात दोनदा येणारा आणि आपल्याकडे आठवड्यातून एकदा येणारा फोन, चाळीस वर्षं एकच पान वाचणारे वाचक, वह्या नव्या कोऱ्या पण पेन्सिलीला टोक नाही अशा मुली. नाव एकाचंही नाही. दोन उसासे नुसते, तिसऱ्याबरोबर पातेलं आपटलं. कोपऱ्यातल्या एका मुलीला आपली आजी आठवली, ती डोळे पुसत काड्या मारत होती. वर्तमानपत्र हळूहळू पुढे सरकत नवऱ्याच्या नाकाला टेकलं. मध्येच सासूबाई मॅडमकडे वळून गोड हसल्या. "काही काही माणसांचं बाई मला फार कौतुक वाटतं. गळ्यात केवढी दोरी लोंबते आणि समोरच्याचे डोळे तिच्यामागे फिरतात, पण कशी एकचित्त असतात!"

"वेळ संपली," मॅडम म्हणाल्या.

चारी वह्या टेबलावर आल्या. सून, सेहेचाळीस. पहिली मुलगी, सेहेचाळीस. दुसरी, सेहेचाळीस. मॅडम, पंचेचाळीस.

"एक कुठला सुटला माझा?" मॅडमनी भुवया जवळ आणल्या.

सून आणि दोन्ही मुली जमिनीकडे बघू लागल्या. शेवटी सून म्हणाली, "मॅडम, दोरीचा."

"तो टोमणा होता?" मॅडमचा हात दोरीवर गेला. मग त्यांनी दोरी एकदा डावीकडे हलवली, एकदा उजवीकडे. दोन्ही मुलींचे डोळे दोरीबरोबर फिरले. मॅडमनी ती गळ्यातून काढून पिशवीत टाकली. "चौदा वर्षं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "मुलं माझ्याकडे बघत नाहीत, असं मी चौदा वर्षं लिहितेय."

त्या आठ वाजेपर्यंत बसल्या. दोन्ही मुलींनी सासूबाईंना चमचे ठेवायला सांगून पाहिलं. एकीचा आवाज आदेशासारखा होता, दुसरी इतकी हसत होती की काम सांगतेय की गंमत करतेय ते कळेना. सासूबाईंनी दोघींना तिथल्या तिथे सांगितलं. निघताना मॅडम म्हणाल्या, "आमची मुलं सांगतात आपल्या परीनं, पण आम्हाला कळायला वेळ लागतो. तोवर चुकत राहतो. काकू, तुम्ही आधी आमच्या मुलींना असं मूल होऊन दाखवाल का? दर बुधवारी?"

"सून पास झाली तर बघू," सासूबाई म्हणाल्या. त्यांना बुधवार मोकळाच होता, पण ते लगेच कळू देण्यात काय अर्थ?

शुक्रवारी त्या नवऱ्याला घेऊन सेंटरवर गेल्या. परीक्षेच्या खोलीला एक मोठी काच होती, बाहेरून आतलं दिसायचं. मॅडमनी अट घातली होती, की काचेबाहेर आवाज नको. सासूबाईंनी रुमाल दातांत धरला.

आत झाकणवाली कोपऱ्यात बसली होती. कमरेच्या पट्ट्याला छोटी कार्डं चिकटवलेली. पाणी, बाहेर, थांबा. हवं ते कार्ड पट्ट्यावरून काढून हातात दिलं की समोरच्यानं समजायचं. पाणी आणि बाहेर ती द्यायची. 'थांबा'चं कार्ड, लाल पंजाचं, तिनं चार महिन्यांत कधी आपणहून हातात घेतलं नव्हतं. शिकवणारीनं तिचा हात धरून नेला तरच.

सून टेबलाशी बसली. एक निळं झाकण समोर ठेवलं.

"ये," ती म्हणाली.

मुलगी आली नाही. सून थांबली. सासूबाईंनी मनात मोजायला सुरुवात केली. दहा. वीस. सुनेचा गळा हलला, शब्द वर आलेला स्पष्ट दिसला, आणि तिनं तो गिळला. तो कुठे लागतो ते सासूबाईंना ठाऊक होतं. तीस. चाळीस. रुमालाला भोक पडायची वेळ आली.

पन्नासला मुलगी उठली. टेबलाशी आली, निळं झाकण उचललं, आपल्या रांगेत नेऊन ठेवलं. मग परत आली आणि सुनेचं बोट धरून लाल झाकणांच्या डब्यावर टेकवलं. अजून.

मॅडमनी कागदावर खूण केली. मग दुसरी. मग शेवटी खाली सही केली आणि काचेकडे बघून मान हलवली.

दार उघडलं तसा सासूबाईंच्या तोंडातला रुमाल गळून पडला.

"बघितलंत का? पन्नासपर्यंत! माझी सून आहे! कुणी थांबून दाखवावं पन्नासपर्यंत, मी म्हणते! त्या चाळीस तासांच्या व्हिडिओत हे होतं का? नव्हतं! आणि लिहिणारे लिहितात, सूचना परिणामकारक नाहीत! अगं, ये इकडे, तुझी दृष्ट काढते! अहो, बघत काय उभे आहात, फोन लावा मुलाला, त्याला म्हणावं—"

व्हरांडा दणाणला. आणि त्या दणाण्यात झाकणवाली बाहेर आली. तिनं दोन्ही हात कानांवर घट्ट दाबले. सून पुढे सरकली, पण मॅडमनी तिचा दंड धरला. "थांब," त्या कुजबुजल्या.

मुलीनं एक हात कानावरून काढला. तो पट्ट्याकडे गेला. पाण्यावरून पुढे, बाहेरवरून पुढे. लाल पंजा फर्रकन निघाला. मुलगी सरळ सासूबाईंसमोर गेली, त्यांच्या तळहातावर कार्ड ठेवलं, आणि उभी राहिली.

सासूबाईंचं वाक्य अर्धं बाहेर होतं, अर्धं आत. त्यांनी मॅडमकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. कुणीही मदतीला आलं नाही. सासूबाईंनी तोंड मिटलं. एवढंच नाही, शेजारच्या बाकावर बसून हातसुद्धा मांडीवर ठेवले.

व्हरांड्यात इतकी शांतता झाली, की मॅडमच्या पेनचा आवाज ऐकू येऊ लागला. "हात धरला नाही. सांगितलं नाही. स्वतःहून. एकदाच. ताबडतोब," त्या भराभरा लिहीत होत्या, आणि पेन मधूनच अडखळत होतं. सून तोंडावर हात ठेवून हसत होती की रडत होती, तिचं तिलाच ठाऊक.

सासूबाईंचा नवरा हळूच मॅडमच्या जवळ सरकला. काखेतलं वर्तमानपत्र त्यानं दुसऱ्या काखेत घेतलं आणि अगदी अदबीनं विचारलं, "मॅडम, हे कार्ड बाहेर कुठे विकत मिळतं का हो?"

सासूबाईंच्या डोक्यात उत्तर तयार होतं. चांगलं ठसठशीत, नाव न घेता, व्हरांड्यातल्या एकाच माणसाला लागेल असं. त्यांनी श्वास घेतला, ओठ उघडले, आणि पुन्हा मिटले.

मुलगी अजून त्यांच्याकडेच बघत होती.